खुब्याची वाटी

महेश्वरी सहा महिन्यांची असताना शिवगंगाच्या कडेवरून पडली, ही गोष्ट त्यांच्या माहेरच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गाव उमरग्याकडचं, कर्नाटकाच्या शिवेजवळचं. घरात कानडी, गल्लीत मराठी. शिवगंगा तेव्हा सात वर्षांची होती. आई रानात गेली होती आणि ही धाकटीला कडेवर घेऊन दारात उभी होती. कुणीतरी हाक मारली म्हणून वळली, उंबऱ्याला पाय अडखळला आणि दोघी ओसरीवर आपटल्या. महेश्वरी खूप रडली, मग दूध पिऊन झोपली. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पण पोर उशिरानं चालायला लागली, आणि चालली ती उजवीकडं कलंडत चालली. घरातल्या मोठ्यांनी कारण शोधायला घेतलं. ते समोरच फ्रॉक घालून उभं होतं.

"थोरलीनं पाडली," असं आई, म्हणजे त्यांची अव्वा, आल्यागेल्याला सांगायची. तिच्या बोलण्यात राग नसायचा. अवकाळीनं ज्वारी काळी पडली असं सांगावं, तसं ती सांगायची. हाडवैद्याकडं नेऊन झालं, तेलं चोळून झाली, स्वामींच्या पायावर घालून झालं. पाय काही सुधारला नाही. शिवगंगाला कुणी मारलं नाही की टोचून बोललं नाही. पण ते वाक्य ऐकतच ती मोठी झाली. शाळेच्या वाटेवरचा ओढा आला की धाकटीला पाठीवर घ्यायची. धाकटीच्या वाटचं पाणी तीच भरायची, धुणं तीच धुवायची. सांगायला लागायचं नाही.

लग्नाच्या वेळी तर तिनं कमालच केली. उमरग्याचा एक शाळामास्तर बघून गेला होता. मुलगी पसंत होती, आणि शिवगंगालाही तो आवडला होता. हळू आवाजात बोलायचा, बोलताना समोरच्याकडं बघायचा. पण तिनं वडिलांना सांगितलं, "मी ज्या घरात जाईन त्या घरात महेश्वरीला पण घेतलं पाहिजे. तिला दुसरं कोण करणार?" मास्तरला भाऊ नव्हता. लोहाऱ्याच्या एका आडतवाल्याला मात्र दोन मुलं होती. थोरल्या अण्णारावाशी शिवगंगाचं लग्न झालं, आणि पुढं महेश्वरी वयात आल्यावर तिला धाकट्या शिवप्पाला दिली. दोघी बहिणी जावा झाल्या. एका चुलीवर चार दशकं निघाली. बसून करायची कामं महेश्वरीची, उभ्यानं करायची शिवगंगाची. शेंगा फोडणं, भाजी निवडणं, दुकानाच्या माणसांशी हुज्जत घालणं हे महेश्वरीकडं. भाकरी, पाणी, माळ्यावरचं सामान शिवगंगाकडं. महेश्वरीचा बसवराज पुण्याला नोकरीला लागला आणि शिवगंगाचा मल्लिकार्जुन दुकानात बसायला लागला, तरी वाटणी तीच राहिली.

अलीकडं महेश्वरीचा खुबा फार दुखायला लागला. आधी जिना सुटला, मग बाजार सुटला. शेवटी रात्रीची कूस बदलणंही अवघड झालं, तेव्हा शिवप्पानं तिला धाराशिवला हाडांच्या डॉक्टरांकडं दाखवलं. डॉक्टर अमरसिंह म्हणाले, "खुबा बदलावा लागेल. पण यांची वाटी फार लहान दिसतेय, नेहमीचं माप बसायचं नाही. आधी सीटी स्कॅन करून नीट मापं घेऊ, मग त्या मापाचं सामान मागवू."

मापं घ्यायला जायचं त्या दिवशी शिवगंगा बरोबर निघाली. न निघून कसं चालेल? दोघी जीपनं आणि मग एसटीनं धाराशिवला पोचल्या. मशीनवाल्यानं अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली. गळ्यातल्या चांदीच्या डबीतल्या इष्टलिंगापाशी महेश्वरी अडली. मुठीत धरून म्हणाली, "हे न्हाय निघायचं. जीव गेल्याशिवाय न्हाय निघत हे."

तेवढ्यात फोटो वाचणाऱ्या डॉक्टर आल्या. निकिता त्यांचं नाव. पोरसवदा चेहरा, पायात बुटं. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो, मावशी. फोटो कमरेचा आहे. लिंग तेवढं वर खांद्याकडं सरकवून ठेवा." महेश्वरीला ती बाई तिथंच आवडून गेली.

स्कॅन झाल्यावर निकिता मॅडमनी दोघींना आतल्या खोलीत बोलावलं. तिथं मोठा पडदा होता आणि त्यावर पांढरी हाडं. त्या म्हणाल्या, "मापं काढायच्या आधी थोडं विचारायचंय. आपल्या भागातल्या माणसांच्या खुब्यांची मापं मी जमवतेय. तुमची चालतील ना त्यात?"

"घ्या की," महेश्वरी म्हणाली. "एवढी वर्षं कुणाच्या कामाला आला न्हाय, आता तरी यिल."

"लहानपणी काही मार लागला होता?"

महेश्वरीनं तोंड उघडलं, पण मागच्या स्टुलावरून शिवगंगाच बोलली. "म्या पाडलं तिला. कडेवरून पडली. सहा महिन्याची हुती."

मॅडमनी वळून तिच्याकडं पाहिलं. शिवगंगानं पदर सारखा केला.

"आणि जन्म कसा झाला होता? डोक्याकडून की पायाकडून?"

"पायाळू हाय मी," महेश्वरी जरा ऐटीतच म्हणाली. "गावात कुणाच्या पाठीत लचक भरली की माझी लाथ लावून घ्यायला यायचे. शेंगा द्यायचे, गूळ द्यायचे."

मॅडम हसल्या नाहीत. काहीतरी पटल्यासारखी त्यांनी मान हलवली आणि पडद्यावरचं चित्र मोठं केलं. "इकडं बघा. हा मांडीच्या हाडाचा गोळा. हा कमरेतल्या वाटीत बसायला पाहिजे. तुमचा उजवा गोळा वाटीच्या बाहेर वर सरकलाय. आणि वाटी बघा, वाटी कसली, ताटली आहे ती. गोळा आत कधी बसलाच नाही, म्हणून तिला खोली आली नाही."

"पडल्यावर निसटला आसंल," शिवगंगा म्हणाली.

"थांबा. आता डावा बघू."

"डावा तर चांगला हाय तिचा."

"त्या पायावर भार देऊन चालतात म्हणून आपण चांगला म्हणतो." मॅडमनी पडद्यावर गोळ्याच्या मधोमध एक ठिपका दिला. तिथून सरळ वर एक रेघ ओढली आणि दुसरी वाटीच्या काठापर्यंत नेली. "या दोन रेघांच्या मधला कोन पंचवीसच्या वर असावा लागतो. म्हणजे वाटीनं गोळ्याला नीट झाकलंय. इथं सोळा आलाय. म्हणजे डावी वाटीसुद्धा उथळ आहे. पडल्यानं हाड मोडेल, पण दोन्हीकडच्या वाट्या उथळ होत नाहीत. मोडल्याची खूण तर कुठंच नाही. हे जन्माच्या आधीपासूनचं आहे, मावशी. पायाळू मुलींमध्ये हे जास्त दिसतं."

शिवगंगानं विचारलं, "म्हणजे पडली नसती तरी?"

"तरी अशीच चालली असती."

शिवगंगा पडद्याकडं बघत राहिली. दोन रेघा आणि मधला आकडा. तिला आकड्यातलं काही कळत नव्हतं, पण डावी बाजू कळली. डाव्या बाजूला तर कुणी कधी बोट लावलं नव्हतं.

मॅडमनी मग तिलाच विचारलं, "तुम्ही सख्ख्या बहिणी ना? तुमचं कधी दुखतं?"

"मांडी घालून बसलं की उठताना जांघेत धरतं. वयच हाय की आता."

"तरी एक साधा एक्स-रे काढू."

तो निघाला. तशाच रेघा ओढल्या गेल्या. शिवगंगाचा कोन एकवीस आला. "काठावर आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला काही करायचं नाही, वजन सांभाळा म्हणजे झालं. पण हे घराण्यात चालत येतं बघा. तुमच्या घरात नुकतं कुणी बाळ जन्मलंय का? त्यातही मुलगी असली, आणि त्यात पायाळू, तर तिची तपासणी करून घ्या. लहानपणी कळलं तर नुसत्या पट्ट्यानं बरं होतं."

दोघी बहिणींनी एकमेकींकडं पाहिलं. मल्लिकार्जुनाची बायको शिवानी बाळंतपणाला माहेरी तामलवाडीला होती. दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती. पायाकडून होती म्हणून सिझर करावं लागलं होतं.

बाहेर पडल्यावर महेश्वरीनं शिवगंगाला स्टँडजवळच्या हॉटेलात नेलं आणि गुलाबजाम मागवले. धाराशिवला येऊन गुलाबजाम न खाता परत जाणं तिच्या नियमात बसत नव्हतं. स्वतःचे दोन संपवून ती म्हणाली, "अक्का, बोल की कायतरी."

"काय बोलू?"

"तुला तर आनंद व्हायला पाहिजे."

"झालाय," शिवगंगा म्हणाली. "राग पण आलाय. कुणावर आलाय ते समजंना."

"अव्वावर?"

"अव्वा बिचारी कधीच गेली. तिला तरी कुठं फोटो दाखवणारं कुणी भेटलं हुतं. डोळ्यापुढं दिसलं ते बोलली." शिवगंगानं चमच्यानं गुलाबजामचे दोन तुकडे केले, पण खाल्ले नाहीत. "माझं मलाच खरं वाटलं हुतं. तू पडल्यावर 'कट्' असा आवाज झाल्याचं मला आठवतंय. आता वाटतंय, तो आवाज म्या मनानंच घातला."

महेश्वरीनं आपली रिकामी बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "एक विचारू? उमरग्याचा मास्तर."

"त्याचं काय?"

"माझ्यापायी तू त्याला नको म्हणालीस. अव्वानं मला सांगितलं हुतं. आज ते पाडल्याचंच खोटं निघालं. तवा कळलं असतं तर हो म्हणाली असतीस न्हवं?"

लग्नानंतरची पहिली काही वर्षं शिवगंगाला आठवली. अण्णाराव दुकानातून यायचे, न बोलता जेवायचे आणि न बोलता झोपायचे. तेव्हा भाकरी थापता थापता मास्तरचा हळू आवाज तिच्या कानात यायचा. मग मुलं झाली. मग एकदा तिला विषमज्वर झाला, तेव्हा तोच न बोलणारा माणूस दुकान बंद ठेवून तिच्या उशाशी बसला आणि हातानं मऊ भात भरवत राहिला. त्यानंतर कधीतरी मास्तरचा आवाज यायचा थांबला. कधी, ते तिला सांगता आलं नसतं.

"म्हणाली असते," ती म्हणाली. "आणि मग? तू सणासुदीला पाव्हणी म्हणून उमरग्याला आली असतीस. दोन दिवस गोडगोड बोललो असतो, चोळीचा खण देऊन तुला लावून दिलं असतं. रोज भांडायला मला कोण गावलं असतं?"

"मी कधी तुला बोलले का गं, की तू पाडलंस म्हणून?"

"एकदा."

"कधी?"

"दिवाळीच्या साडीवरून. तुझ्या लग्नाच्या आदल्या सालची गोष्ट."

"मला आठवत न्हाय."

"मला आठवतंय."

महेश्वरीनं बहिणीच्या बशीकडं पाहिलं, मग तिचा हात धरला. "चुकलं माझं," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत हे दोन शब्द शिवगंगानं तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. शेजारच्या बाकड्यावरचा माणूस बघायला लागला तशी तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गुलाबजाम खाऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी शिवगंगा मल्लिकार्जुनाला घेऊन तामलवाडीला गेली. विहीणबाई सुगलाबाईंनी आधी आगतस्वागत केलं, पण बाळाचा खुबा तपासायचा म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

"दोन महिन्याच्या लेकरात खोट काढायला आलाव व्हय तुम्ही? पायाळू म्हणून माणसं आमच्या दारात पाय लावून घ्यायला यायलीत, आन् तुम्ही म्हणताव पायात दोष हाय. उद्या म्हणताल आमच्या पोरीनंच कायतरी केलं."

शिवानी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती सासूकडं बघायला लागली. 'कायतरी केलं' या शब्दांचं वजन तिथं शिवगंगाइतकं कुणाला कळणार होतं? तिनं पिशवीतून आपला एक्स-रे काढला, खिडकीच्या उजेडाला धरला आणि म्हणाली, "विहीणबाई, इकडं या. ही माझी कंबर. इथं बघा, ही वाटी उथळ हाय. धाकटीची तर लईच. खोट असली तर ती आमच्याकडची हाय, माझ्या अंगातनं मल्लिकार्जुनात गेली आसंल, त्याच्यातनं लेकरात. तुमच्या पोरीचा काडीचा दोष न्हाय. आन् कुणाचाच न्हाय. आसतंय ते."

सुगलाबाईंनी खिडकीपाशी येऊन विहिणीची कंबर नीट निरखून पाहिली. मुलाची आई चारचौघांत स्वतःकडची खोट दाखवते, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"आई, बघून येऊ की," शिवानी हळूच म्हणाली. "नसलं तर बरंच हाय."

धाराशिवला निकिता मॅडमनी बाळाची सोनोग्राफी केली. बाळाचं नाव शर्वाणी. तिला कुशीवर झोपवलं, कोमट मलम लावलं आणि यंत्राची मूठ तिच्या चिमुकल्या खुब्यावर टेकवली. एवढ्या लहान लेकराचं हाड अजून कच्चं असतं, एक्स-रेत नीट दिसत नाही, म्हणून असं बघायचं, हे त्यांनी समजावून सांगितलं. इथले कोन वेगळे होते. साठच्या वर असला की चांगला. उजवीकडं त्रेसष्ट आला. डावीकडं अठ्ठेचाळीस.

शिवानी रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "रडायचं काही कारण नाही. आपण वेळेत आलोय."

पट्टा साधाच होता, खांद्यावरून आणि पायांतून जाणाऱ्या मऊ कापडी पट्ट्यांचा. त्यात बाळाचे पाय बेडकासारखे फाकून राहायचे. रात्रंदिवस घालायचा. सुगलाबाई आता पुऱ्या शिवगंगाच्या बाजूच्या झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन् आमी बाळाला पाय सरळ करून घट्ट बांधून ठेवतो, ते?"

"ते आता नको. पाय मोकळे राहू द्या. पट्टा निघाल्यावर, मान धरायला लागली की खुशाल कडेवर घ्या. कडेवर दोन्ही पाय फाकलेले राहतात, खुब्याला ते चांगलंच."

"कडेवर चांगलं?" शिवगंगानं विचारलं.

"हो, एकदम चांगलं."

शिवगंगानं ते मॅडमकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

पुढचे दोन-अडीच महिने शिवानी आणि बाळ लोहाऱ्यालाच होते. सुगलाबाईंनी लेकीला एकटं पाडलं नाही, त्याही येऊन-जाऊन राहिल्या. शर्वाणी पहिले चार दिवस चिडली आणि नंतर पट्ट्यात अशी रमली, की आंघोळीला काढला तरी पाय तसेच फाकून पडायची. अण्णाराव दुकानातून आले की तिच्यापाशी बसायचे आणि सोयाबीनचा भाव तिला सांगायचे. घरात बाकी कुणाशी ते एवढं बोलत नव्हते.

त्याच दरम्यान महेश्वरीचं ऑपरेशन झालं. मापाप्रमाणं लहान वाटी मागवली होती, ती अगदी चपखल बसली. डॉक्टर अमरसिंहांनी आधीच सांगितलं होतं, की इतक्या वर्षांचा पाय पुरता बरोबरीला येणार नाही, थोडं लंगडणं राहील. थोडं राहिलंही. पण दुखणं गेलं. पहिल्यांदा वॉकर धरून ती दवाखान्याच्या पडवीत चालली, तेव्हा शिवगंगा सवयीनं तिच्या उजव्या बगलेला उभी राहिली. नर्स म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा, त्यांना एकटीला चालू द्या." शिवगंगा बाजूला झाली. आपले मोकळे हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना, म्हणून तिनं ते पाठीमागं बांधले आणि भिंतीला टेकून बहिणीला बघत राहिली. महेश्वरी खिडकीपर्यंत गेली आणि वळून परत आली. घामाघूम झाली होती. म्हणाली, "अक्का, तुझी उंची कमी झाली का माझी वाढली?"

शर्वाणीच्या तपासणीला सगळं घरच गेलं, महेश्वरीसुद्धा काठी टेकत गेली. डावा कोन बासष्ट भरला. मॅडमनी पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "चालायला लागली की एकदा एक्स-रे काढू. तोवर मजा करा." सुगलाबाईंनी तिथंच बाळाची दृष्ट काढली. दवाखान्यात मिरच्या जाळता येत नाहीत, म्हणून नुसतीच बोटं मोडली.

श्रीशैलला जायची शिवगंगाची फार दिवसांची इच्छा होती. गल्लीतल्या बायका दर साली गाडी करून जायच्या, आणि ती दर साली 'घरात धाकटी हाय' म्हणून मागं राहायची. या माघात बायका विचारायला आल्या, तेव्हा महेश्वरीच ओट्यावरून म्हणाली, "हिचं नाव घाला. आठ दिवस भाकरी मी करते. उभी राहून करते." अण्णाराव भिंतीकडं बघत म्हणाले, "जाऊन ये." त्यांच्या हिशेबानं ते भाषणच होतं.

गाडी निघाली तेव्हा शिवगंगाला खिडकीची जागा मिळाली. शेजारची बाई भजन म्हणत होती. बाहेर करडईचं पिवळं रान मागं पडत होतं, आणि तिच्या मांडीवर फक्त स्वतःची पिशवी होती. कर्नाटकाची शीव ओलांडली तसा फोन वाजला.

"अक्का," महेश्वरी म्हणाली, "तव्याची मूठ सैल झालीय काय? भाकरी पलटताना हालायली."

"मूठ न्हाय सैल. तू तवा उलटा ठेवलायस, म्हणून हालायलाय."

पलीकडं जरा वेळ भांड्यांचा आवाज आला. मग महेश्वरी म्हणाली, "व्हय की. बरं, ठेव आता. माझी भाकरी जळायली."

शिवगंगानं फोन पिशवीत टाकला, खिडकीची काच थोडी सरकवली आणि वारा तोंडावर घेत बसली.